रविवारचा कॉल भाऊ का उचलत नाही?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. माझा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत दहावी झाला, मग आयटीआय केलं. आता 26 वर्षांचा आहे, पुण्याजवळ एका कारखान्यात कामाला आहे आणि शाळेतल्याच दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. आम्ही बाकी सगळे कोल्हापुरात. दर रविवारी रात्री नऊला घरच्यांचा व्हिडिओ कॉल असतो: आई-बाबा, काका-काकू, मी, माझे मिस्टर, मुलं. पूर्वी तो असायचा, हसायचा, मान हलवायचा. आता दोन मिनिटांत अंगठा दाखवून कट करतो, नाहीतर उचलतच नाही आणि 'नेटवर्क नाही' असा मेसेज टाकतो. मध्ये मी त्याच्या खोलीवर गेले होते, तेव्हा तो त्याच्यासारख्याच मित्रांशी दीड तास व्हिडिओ कॉलवर होता. हे आईला कळल्यापासून तिने मनाला लावून घेतलंय. म्हणते, "मित्रांसाठी नेटवर्क असतं, आईसाठी नसतं." लहानपणापासून त्याला आमच्या ओठांवरून कळतं, घरात कधी काही अडलं नाही. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीशी मात्र तो अजूनही अर्धा अर्धा तास बोलतो. ती वही घेऊन बसते आणि त्याला काहीबाही दाखवत असते. काका म्हणतात, त्याला भारीतलं मशीन घेऊन द्या, नाहीतर ते कानाचं ऑपरेशन करा. मला विचारायचंय की ऐकू येणाऱ्या आणि न येणाऱ्या, दोघांनाही चालेल असं एखादं ॲप आहे का?

– एक ताई, कोल्हापूर

उत्तर:

प्रिय ताई,

ॲपचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते लहानसं आहे. ज्या फोनवर तुमचा भाऊ मित्रांशी दीड तास बोलतो, त्याच फोनवर तो तुमचा कॉल दोन मिनिटांत कट करतो. फोन तोच, नेट तेच, खोली तीच. तेव्हा घोडं ॲपपाशी पेंड खात नाहीये. तुमचा रविवारचा कॉल ऐकणाऱ्यांसाठी मांडलेला आहे, आणि त्यात त्याने एकट्याने डोळ्यांवर सगळं निभावून न्यावं हे घरातल्या प्रत्येकाने गृहीत धरलंय. त्याने ते बरीच वर्षं निभावलं. आता तो दमलाय.

पटत नसेल तर येत्या रविवारी एक करून बघा. कॉल सुरू झाला की आपल्या फोनचा आवाज पूर्ण बंद करा आणि कॉल संपेपर्यंत चालू करू नका. कुणाला सांगू नका, नुसत्या बघत राहा. पोस्टाच्या तिकिटाएवढे सहा-सात चेहरे दिसतील. आईंनी फोन मांडीवर धरला असेल तर त्यांची हनुवटी आणि वरचा पंखा दिसेल. बाबांच्या मागे ट्यूबलाइट असेल तर त्यांचा चेहरा काळा पडलेला असेल. काकांचा वरचा ओठ मिशीत असेल. कुणीतरी काहीतरी बोलेल, सगळे हसतील, आणि कोण बोललं हे शोधेपर्यंत दुसराच बोलून मोकळा झालेला असेल. मग तुम्ही हाताने विचाराल, "काय झालं?" आणि कुणीतरी हात झटकून म्हणेल, "काही नाही गं, नंतर सांगते."

हे 'नंतर सांगते' ऐकणाऱ्या घरात वाढलेल्या जवळजवळ प्रत्येक बहिऱ्या माणसाने झेललेलं असतं. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. गोष्ट खरंच किरकोळ असते, पुन्हा सांगण्याइतकी मोठी वाटत नाही. पण घर म्हणजे अशा किरकोळ गोष्टीच असतात. शेजाऱ्यांचं मांजर कुठे व्यालं, काकूंची भाकरी का करपली, बाबा बँकेत कुणाशी भांडले. महत्त्वाचं तेवढं सांगायचं म्हटलं की त्याच्या वाट्याला फक्त लग्न, मयत आणि आजारपण येतं. अमेरिकेतल्या बहिऱ्या लोकांनी या अनुभवाला 'डिनर टेबल सिंड्रोम' असं नावच दिलंय: सगळे एकत्र जेवायला बसलेत, गप्पा रंगल्यात आणि एकजण ताटाकडे बघत जेवतोय. तुमच्या घरात पूर्वी हे जेवताना होत असणार. आता ते रविवारी नऊ वाजता फोनवर होतं, आणि फोन कट करता येतो एवढाच काय तो फरक.

"लहानपणापासून त्याला ओठांवरून कळतं, घरात कधी काही अडलं नाही," असं तुम्ही लिहिलंय. मनापासून लिहिलंय, पण तुमचं अडलं नसेल, त्याचं अडत होतं. आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता 'बाबा', 'मामा', 'पापा' म्हणा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. प, ब, भ, म यांतला फरक ओठांवर दिसत नाही. क, ख, ग, घ तर तोंडात पार मागे होतात. 'काका' म्हटलं की नुसता उघडा जबडा दिसतो. ओठवाचन करणारा माणूस थोडं बघतो आणि बरंचसं अंदाजाने भरून काढतो. स्वयंपाकघरात आई समोर उभी राहून "चहा घेणार?" विचारते तेव्हा तिच्या हातात गाळणी असते, अंदाज सोपा जातो. तीच आई फोनवर मामेबहिणीच्या सासरचं सांगायला लागली की अंदाज करायला हाताशी काहीच उरत नाही. त्यात फोनवरचं चित्र सपाट, नेट मंदावलं की अडकणारं. पाऊण तास असं कोडं सोडवत बसायचं आणि चेहरा हसरा ठेवायचा, हे काम दिवसभराच्या शिफ्टनंतर करून बघावं लागतं तेव्हा कळतं.

मित्रांबरोबर यातलं काही नसतं. तिथे सगळे साइनमध्ये, म्हणजे हातांच्या खुणांच्या भाषेत बोलतात. फोन टेकवून ठेवलेला असतो, कंबरेपासून डोक्यापर्यंत माणूस दिसतो, उजेड तोंडावर असतो. बोलायचं असलं की हात हलवून आधी सगळ्यांची नजर घेतात, मग सुरू करतात. हे त्यांना कुणी शिकवायला लागत नाही. आणि हेही आईंना सांगा की त्याला फोन खऱ्या अर्थाने मिळून फार वर्षं झालेली नाहीत. टेलिफोन काढणाऱ्या ग्रॅहम बेलची आई बहिरी होती, बायको बहिरी होती, तो स्वतः बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता. तरी त्याच्या 1876 च्या त्या यंत्राने बहिऱ्या माणसांना पुढची कित्येक दशकं दाराबाहेरच ठेवलं. 1964 मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या बहिऱ्या शास्त्रज्ञाने टाइप केलेली अक्षरं टेलिफोनच्या तारेवरून पाठवायची जोडणी केली, पण ते टंकयंत्र आपल्याकडे घरोघरी कधी पोचलं नाही. आपल्याकडे आधी एसएमएस आला, आणि 2016 नंतर डेटा स्वस्त झाला तेव्हा हातात मावेल असा व्हिडिओ कॉल आला. तुमचा भाऊ तेव्हा शाळेत असेल. आपल्या भाषेत, आपल्या माणसांशी, लांबून बोलायची सोय त्याच्या पिढीला तेव्हा लाभली. तो दीड तास आईच्या विरोधातला नाही. त्या दीड तासात त्याला एकदाही अंदाज करावा लागत नाही.

आता काय करायचं ते सांगते. पहिलं म्हणजे त्याच्यासाठी वेगळा, छोटा कॉल ठेवा. आठ जणांचा नको. दोघं-तिघं, पंधरा मिनिटं. फोन हातात धरू नका, डब्याला टेकवून ठेवा किंवा स्टँड घ्या. हे फार महत्त्वाचं आहे, कारण भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरंसुद्धा बहुतेक दोन हातांनी काढतात. एक हात फोनला अडकला की निम्मी भाषा गेली. खिडकी किंवा दिवा पाठीमागे नको, समोर हवा. मागे भिंत मोकळी असावी आणि अंगात एकरंगी, कातडीच्या रंगापेक्षा वेगळा दिसणारा कपडा असावा. चेहरा आणि दोन्ही हात चौकटीत राहतील इतक्या लांब बसा. बघणारा बहुतेक वेळ चेहऱ्याकडेच बघत असतो, हात त्याला नजरेच्या कडेने कळतात, आणि प्रश्न आहे की नुसतं सांगणं आहे हे भुवयांवरून ठरतं. म्हणून चेहरा अंधारात गेला की हात कितीही स्पष्ट दिसले तरी अर्थ निसटतो.

नेटबद्दल बोलायचं तर चित्र मोठं असण्यापेक्षा ते न अडखळता चालणं जास्त गरजेचं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 1999 मध्येच सांकेतिक भाषेच्या कॉलसाठी निकष दिले होते, त्यात सेकंदाला किमान 20 चित्रं नीट संभाषणासाठी हवीत असं म्हटलंय. ती बाराच्या खाली गेली की हात तुटक दिसायला लागतात. आपण ऐकणारे चित्र अडकलं तरी आवाजावर पुढे जातो, त्याला ते शक्य नसतं. तेव्हा घरात एक जण कॉलवर असताना दुसऱ्याने त्याच वायफायवर सिनेमा लावू नये. पार्श्वभूमी धूसर करायची किंवा खोटा बगीचा लावायची सोय बंद ठेवा, ती हलणारी बोटं गिळते. कुणाकडे आयफोन असेल तर हाताच्या खुणेवर फुगे आणि फटाके उडवणारी सोयही बंद करा. 2023 पासून ती आलीय आणि बोलण्याच्या मध्येच उगवते.

मोठा कॉल करायचाच असेल, कुणाचा वाढदिवस, बारसं असेल, तर घरातल्या एकाने कारभारी व्हायचं. मी म्हणेन तुम्हीच व्हा. कोण बोलणार त्याने आधी हात वर करायचा, तुम्ही त्याच्याकडे बोट करायचं, भावाची नजर तिकडे गेली की मगच त्याने बोलायचं. सुरुवातीला सगळ्यांना अवघडल्यासारखं होईल. होऊ दे. ॲपवर हे काम सोडू नका, कारण गटाच्या कॉलमध्ये कुणाचा चेहरा मोठा करायचा हे सहसा आवाजावर ठरतं, आणि हातांनी बोलणारा माणूस त्याच्या लेखी गप्पच असतो. 2020 मध्ये गूगलच्या संशोधकांनी यावर एक तोडगा मांडला होता: कॅमेऱ्यात साइन चालू झाली की संगणकाने माणसाला ऐकू न येणारा बारीक सूर सोडायचा, म्हणजे ॲपला वाटेल कुणीतरी बोलतंय आणि ते त्याला पुढे आणेल. बोलणाऱ्याकडे लक्ष जावं म्हणून आवाजाची नक्कल करायला लागते, यावरून या कॉलची घडण कुणासाठी झालीय ते दिसतं. सप्टेंबर 2023 मध्ये ॲडव्होकेट सारा सनी या बहिऱ्या वकील सर्वोच्च न्यायालयात व्हिडिओद्वारे युक्तिवादाला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या दुभाष्याला आधी पडद्यावर चौकटच मिळत नव्हती. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी ती द्यायला सांगितल्यावर मिळाली. पडद्यावरची जागा कुणीतरी करून द्यावी लागते. तुमच्या घरात ती तुम्ही करून द्या.

अक्षरांची मदत जरूर घ्या. गूगलचं 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' हे ॲप अँड्रॉइड फोनवर मराठी बोलणं अक्षरात उतरवतं. त्याने कॉल लॅपटॉपवर घेतला आणि फोन स्पीकरजवळ ठेवला तर तुमचं बोलणं त्याला वाचता येईल. गूगल मीटमध्ये कॅप्शन येतात, तिथे भाषेच्या यादीत मराठी आहे का ते आधी बघून घ्या. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अक्षरं थोडी मागून येतात, म्हणून वाक्य संपलं की थांबायचं, त्याचे डोळे वर येऊ द्यायचे. आणि हे यंत्र एका वेळी एकाच्या, सावकाश, पुस्तकी मराठीवर चालतं. चौघं एकदम बोलले, किंवा काकांनी "काय कराल्यास?" म्हणून हाक दिली, की अक्षरांचा चुथडा होतो. तुमचा भाऊ मराठी वाचनात किती सराईत आहे हेही त्यालाच विचारा. ज्याने भाषा कधी ऐकली नाही त्याला लांबलचक वाक्यं भराभर वाचणं जड जाऊ शकतं. त्याचा हुशारीशी काही संबंध नाही.

याहून सोपी एक गोष्ट सांगू? कॉलच करू नका, व्हिडिओ पाठवा. वीस सेकंदांचा. आज भाकरी कशी फुगली, अंगणात काय उगवलं, बाबांनी नवीन चप्पल घेतली. तो तीनदा बघेल, त्याला हवं तेव्हा, आणि हातांनी उत्तर पाठवेल. ते तुम्ही तीनदा बघा. यात कुणाला कुणाच्या मागे धावावं लागत नाही, आणि त्या किरकोळ गोष्टी त्याच्यापर्यंत पोचायला लागतात.

काकांच्या सूचनेबद्दल. जन्मापासून ऐकू न आलेल्या आणि मोठ्या झालेल्या माणसाला ऑपरेशनने फोनवरचं बोलणं कळेल ही आशा धरू नका. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशनने कानात बसवायच्या त्या यंत्रासाठी, सरकारी मदतही अगदी लहान मुलांना आधी मिळते, कारण आवाजाला अर्थ लावायला मेंदू त्या वयात शिकतो. मोठेपणी केलं तर आवाजाची जाणीव येऊ शकते, शब्द सुटे होऊन कळतीलच असं नाही. त्याला स्वतःला नवीन मशीन हवं असेल तर मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत किंवा जवळच्या ऑडिओलॉजिस्टकडे त्याने तपासून घ्यावं. पण ते त्याच्या मर्जीने, त्याच्या कामासाठी. रविवारचा कॉल नीट व्हावा म्हणून नको.

आणि आता ते, जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. साइन शिका. तुम्ही, तुमचे मिस्टर, आई, बाबा, सगळे. तुम्ही पत्रात एक वाक्य सहज लिहून गेलात: तो भाचीशी अर्धा अर्धा तास बोलतो. ती वही दाखवते, चित्र काढते, वस्तू कॅमेऱ्यासमोर धरते, तोंड वेडंवाकडं करते. त्याला कळेपर्यंत ती थांबते. तुमच्या घरात त्याच्या बाजूला येऊन बोलणारी ती एकच आहे. मात्र तिला घरची दुभाषी करू नका. "मामाला सांग", "मामा काय म्हणतो विचार" असं सुरू झालं की तिचा खेळ संपेल आणि काम सुरू होईल, आणि मोठे मात्र आहेत तिथेच राहतील.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने 2021 मध्ये दहा हजार शब्दांचा कोश पूर्ण केला. त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट बघता येतात. रोज दोन खुणा शिकल्या तरी दिवाळीपर्यंत जेवणखाण, तब्येत, पगार, गावाकडचं एवढं बोलता येईल. पण कोशातली खूण आणि त्याच्या शाळेतली, मित्रांतली खूण वेगळी असू शकते. म्हणून बघा कोशात आणि विचारा त्याला. त्याच्या मित्रांत घरच्या प्रत्येकासाठी एक नावाची खूण ठरलेली असेल, तीळ, वेणी, चष्मा, चालण्याची ढब अशा कशावरून तरी. तुमची खूण काय आहे ते त्याला विचारलंय का कधी?

आईंना दोष लावून घेऊ देऊ नका. बहुतेक बहिरी मुलं ऐकणाऱ्या आई-वडिलांच्या पोटीच जन्मतात. आणि "घरी हातवारे करू नका, मूल बोलायचं राहील" असं त्या पिढीतल्या कितीतरी आयांना शाळांमधून बजावलं गेलं. ते शाळांच्या पदरचं नव्हतं. 1880 मध्ये इटलीत मिलानला भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणा बाजूला सारून तोंडी बोलण्यावर भर द्यायचा ठराव केला आणि जगभर तो वारा पसरला. 2010 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला भरलेल्या त्याच परिषदेने तो ठराव नाकारला, झालेल्या नुकसानाबद्दल खेद व्यक्त केला. म्हणजे ती चूक निस्तरायला जाणत्यांनाही 130 वर्षं लागली. आईंनी त्यांना सांगितलं गेलं तेच जिवापाड केलं. आता त्यांचं वय काहीही असो, 'जेवलास का' आणि 'कधी येतोस' या दोन खुणा त्यांना एका दुपारी येतील. त्या त्याला आईच्या हातून बघायला मिळाल्या तर त्या दिवशी नेटवर्क कुठे जाणार नाही याची मला खात्री वाटते.

सुरुवात मेसेजने करा. कॉलवर नको. त्याला लिहा की रविवारच्या कॉलमध्ये तुला काहीच कळत नसणार हे आमच्या लक्षात आलंय, कोणता वार, किती वाजता, कोण कोण असलेलं तुला बरं पडेल ते तू सांग. त्याने लगेच उत्तर दिलं नाही तर पाठपुरावा करू नका. व्हिडिओ पाठवत राहा. आणि रविवारी नऊचा तुमचा सगळ्यांचा कॉल आहे तसा चालू ठेवा. त्यात तो आला नाही तर कुणी विचारायचं नाही, आईंनीसुद्धा नाही.